मुकी भट्टी

भात कापणीला आलं की माझं नाक म्हातारं व्हायचं विसरतं. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे संपावर, कान तर आपल्या सोयीनं ऐकतात. पण आश्विन सरत आला आणि ओल्या पेंढ्याचा तो गोडसर, किंचित आंबूस वास ओटीवर आला, की नाक मला न विचारता उठतं आणि थेट पंचविशीत जाऊन बसतं. आता आमच्या चौक गावाकडच्या पट्ट्यात भातापेक्षा बंगले जास्त उगवतात. त्यांना फार्महाऊस म्हणतात, आणि त्यातलं फार्म शोधायला चष्मा लागतो. तरी ओढ्यापलीकडे चार-पाच खाचरं अजून शिल्लक आहेत, आणि माझ्या नाकाला तेवढी पुरतात.

यंदा वासाच्या पाठोपाठ नातही आली. आमच्या पोह्याच्या गिरणीची स्मरणिका निघायची आहे, तिचं काम हिच्याकडे. हातात फोन धरून म्हणाली, "आजी, गिरणीचा इतिहास सांग. सुरुवात कशी झाली, नेतृत्व कसं होतं, तुझं व्हिजन काय होतं."

व्हिजन! अगं, तेव्हा माझे डोळे धुरानं इतके चुरचुरत होते की समोरची कढई धड दिसत नव्हती. पण पोरीनं विचारलं आणि मी सांगायला बसले. सांगता सांगता लक्षात आलं, की आपण सगळं सांगत नाही आहोत. स्मरणिकेत शोभेल तेवढंच सांगतो आहोत. म्हणून उरलेलं इथं लिहिते.

पोहे तेव्हा घरोघरी व्हायचे. दिवाळीच्या तोंडावर नवं भात भिजवायचं, निथळायचं, तापल्या वाळूत भाजायचं आणि गरम असतानाच उखळात घालून दोघींनी दोन बाजूंनी मुसळं हाणायची. सगळ्या आळीत धप्प-धप्प, धप्प-धप्प. माणसाला जसा श्वास, तसा गावाला त्या दिवसांत तो आवाज. दुसऱ्या दिवशी हात वर होत नसत. वेणी घालायला शेजारणीला बोलवावं लागे. म्हणून गावात वीज आली तेव्हा लोकांनी दिव्याकडे पाहिलं, आम्ही बायांनी मोटारीकडे. पेणकडच्या कुणा म्हाताऱ्या गिरणीवाल्यानं मोडीत काढलेलं यंत्र मिळालं: एक फिरतं लोखंडी ताट आणि त्याच्या कडेला दाबून धरणारं जाड चाक. गरम भात आत टाकलं की चाक ते चेपतं, आणि पोहे बाहेर. बाराजणींचं मंडळ झालं. जागा म्हणून सोसायटीचं रिकामं गुदाम मागितलं.

सरपंच हसले. वाईट नव्हते ते, फक्त बायकांकडे बघून हसायची सवय होती. म्हणाले, "बायांनो, घ्या गुदाम. दिवाळीपर्यंत घ्या. रसायनीच्या कॉलनीतलं भांडार तुमच्याकडनं वीस पोती पोहे घ्यायला तयार हाय म्हणता ना? ती वेळंवर पोचली, तर गुदाम तुमचं. नाय पोचली, तर पाडव्यानंतर मी इथं खत उतरवतो. मंग भांडायचं नाय."

आम्ही भांडणार नाही म्हणालो. बाराजणींनी एका सुरात म्हटलेलं ते मंडळाचं पहिलं खोटं.

अध्यक्ष मला केलं. त्यात कर्तृत्वाचा भाग असा, की मॅट्रिकला नापास झालेली गावातली बाई मी एकटीच होते. बाकीच्या नापास होण्याइतक्या जवळही पोचल्या नव्हत्या. शिवाय माझ्या मनगटावर घड्याळ होतं, लग्नात मिळालेलं. ते रोज सात-आठ मिनिटं मागे पडायचं, पण हे फक्त मला आणि घड्याळाला ठाऊक.

आता भट्टी कशी होती ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कढई गुदामाच्या आत, भिंतीला लागून. जाळ घालायचं तोंड मात्र भिंतीच्या बाहेर, म्हणजे धूर आत यायला नको. आत कढईपाशी माझी चुलतसासू यमुनाकाकी, हातात लांब दांड्याचा झारा घेऊन. बाहेर तोंडाशी पारूबाई, लाकडं आणि भाताचं तूस जाळात सारायला. मधे भिंत. भिंतीत माथ्याच्या उंचीवर हातभर झरोका.

पारूबाई बौद्धवाडीतली. चौकच्या रस्त्यावर फुटाण्यांच्या भट्टीवर तिनं बारा वर्षं काढली होती. आगीची जाणकार म्हणावी अशी पंचक्रोशीत तीच. तिला बाहेर का बसवलं, असं कुणी विचारलं असतं तर मी तोंडावर सांगितलं असतं, "जाळ तिला चांगला कळतो म्हणून." ते खरंही होतं. आणि ते पुरतं खरं नव्हतं, हेही मला ठाऊक होतं. ती माझ्या आईच्या वयाची, आणि मी तिला "अगं पारू" म्हणत होते. कोनाड्यात अकरा कप एका ओळीत आणि एक कान तुटलेला कप बाजूला. तो तिचा. तो तिथं कुणी ठेवला, हे मी विचारलं नाही. अध्यक्षानं काय काय विचारायचं असतं, याची माझी यादी मोठी होती. त्यात कप नव्हते.

पहिला आठवडा फार छान गेला. बाहेर पारूबाई जाळ सारायची आणि गायची. आवाज जाडसर, जरा घसा बसल्यासारखा, पण भिंत ओलांडून यायचा. कधी विहारात म्हणतात ती गाणी, बहुतेक वेळा मात्र स्वतःच जुळवलेल्या ओव्या. एक अजून माझ्या ओठांवर येते:

लेकीचं सासर माझ्या गं, डोंगराच्या पाठी,
वाऱ्या, घेऊन जा रं धूर, निरोप तिच्यासाठी.

तिची लेक घाटावर दिली होती. आत यमुनाकाकी झारा चालवायची, भात तडतडायचं, मोटार घुमायची आणि पोहे असे पडायचे, पातळ, अखंड, उजेडात धरले तर पलीकडचं बोट दिसावं. मी कमरेवर हात ठेवून उभी. हे सगळं माझ्यामुळे चाललं आहे, अशी माझी पक्की समजूत.

त्याच सुमारास भांडाराच्या व्यवस्थापकांना भेटायला मी रसायनीला गेले. आमचे हे तिथल्याच एका कारखान्यात होते, त्यांनी मला लांबून सगळं दाखवलं. भोंगा झाला, शेकडो माणसं आत गेली, आणि मग शांतता. नुसती यंत्रं बोलतात, माणसं नाहीत. पांढऱ्या शर्टातला एक साहेब हात मागे बांधून मधून चालतो. मी विचारलं, "कुणी बोलत कसं नाही हो?"

हे म्हणाले, "कामावर बोललं की चूक होते."

झालं. माझ्या डोक्यात तो पांढरा शर्ट शिरला. परत येताना पाताळगंगेचा पूल लागला, तोवर मी मनातल्या मनात आमची कंपनी करून टाकली होती. दुसऱ्या दिवशी पांढरं पातळ नेसले. धुराच्या कामाला पांढरं पातळ, यावरून अकलेचा अंदाज यावा. भोंग्याऐवजी पितळी ताट बडवलं. आणि बैलांची शिंगं रंगवून उरलेल्या लाल रंगानं एक पाटी रंगवली: कामाच्या वेळी बोलणे व गाणे मना आहे.

यमुनाकाकीला वाचता येत नव्हतं. "काय लिवलंस गं?"

"गप्प बसायचं, असं."

"आमाला का भिंतीला?"

"सगळ्यांना." मग मी झरोक्यातून बाहेर डोकावून म्हटलं, "पारू, तूही गाणं बंद कर हं. आता वेळ घड्याळावर."

पारूबाईनं वर बघितलं. काही बोलली नाही. नियमच तसा होता.

त्या दिवसापासून मी घड्याळ धरून कढईपाशी उभी. भात टाकलं की मोजायचं, दीड मिनिट झालं की "काढा!" पहिल्या घाण्याचा चुरा झाला. दुसरा घाणा चाकाला गिच्च चिकटला. तिसरा करपला. चौथा बरा आला, म्हणून मी हुरूप धरला, तर पाचव्याचा पुन्हा भुगा. दोन दिवस हेच. गावच्या कोंबड्यांनी आमच्या आधी दिवाळी केली. मी भाताला दोष दिला, वाळूला दिला, शेवटी विजेला दिला. वायरमनला निरोप धाडला. तो बिचारा सायकल मारत आला, मोटारीवर हात ठेवून उभा राहिला.

"बाई, मोटर तर बैलावानी चाललीय."

"व्होल्टेज कमी असेल."

"व्होल्टेज बी हाय." त्यानं पाटीकडे पाहिलं, चुऱ्याच्या ढिगाकडे पाहिलं आणि सायकलवर टांग टाकताना म्हणाला, "आज लई शांत वाटतंय हो तुमच्याकडं."

एवढं सांगूनही मला कळलं नाही! आज मी नातीला सांगते, माणूस शिकलेला असला की त्याला गोष्ट दोनदा सांगावी लागते.

तिसऱ्या सकाळी पारूबाई आलीच नाही. निरोप आला: घरचं भात कापायचंय, मुक्यानं लाकडं घालायला कुणीबी चालंल. मी एकीला तोंडाशी बसवलं, ताट बडवलं, घड्याळ धरलं. तासाभरात कढईतून धूर. यमुनाकाकीनं झारा जमिनीवर आपटला.

"बस् झालं तुझं घड्याळ! अगं पोरी, ती गायची ते काय करमणुकीला गायची का? तिची ओवी सुरू झाली की आमी भात टाकायचो, सरली की काढायचो."

"मग ओवीला किती वेळ लागतो ते मोजून घ्यायचं, म्हणजे—"

"मोजून काय घेतेस कपाळ! जाळ चढला की ती भरभर म्हनते, उतरला की लांबवते. आग तिच्या तोंडापुढं. आमाला आत आग दिसते का? आमाला तिचा आवाज दिसायचा."

भिंतीच्या आतल्या अकराजणी भिंतीबाहेरच्या एकीच्या गळ्यावर चालत होत्या. आत घ्यायची नव्हती आम्हाला ती, आणि तिच्यावाचून आतलं काही चालतही नव्हतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी मला सांगितलं नाही, कारण बोलायला मनाई होती. कोणाची? माझी!

"आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

काकीनं पाटीकडे बोट केलं.

दिवाळीला आठ दिवस उरले होते. सहा पोती भरली होती, चौदा बाकी. चौदा पोती झाली नाहीत तर यंत्र कुणाच्या तरी गोठ्यात गंजणार आणि बाराजणी पुन्हा मुसळाला लागणार, हे मला लख्ख दिसत होतं. मी घड्याळ काढून पदराला बांधलं आणि ओढ्याच्या वाटेला लागले.

बौद्धवाडीत मी त्याआधी कधी गेले नव्हते. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, वाडी घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि मी गेले नव्हते. कापलेल्या खाचरातली खुंटं तळव्यांना टोचत होती. पारूबाई कंबरेत वाकून कापत होती, विळ्याचा खर्र-खर्र आवाज, मागे भाताच्या मुठी एका ओळीत. मी बांधावर उभी राहिले. चौदा वाक्यं ठरवून आले होते, त्यातलं एकही आठवेना.

"पारूबाई," मी म्हटलं, "तुम्ही चला."

ती थांबली. कमरेवर हात देऊन सरळ झाली. "कोन? मी?" मागे वळून बघितलं, जणू दुसरी कुणी पारूबाई उभी आहे. "आज तुमी-बिमी? काय झालं, पोहे लईच करपले का?"

"फार करपले."

ती हसली. अशी मोकळी हसली, की मलाही हसू फुटलं आणि मग लाजही वाटली. "चुकलं माझं," मी म्हटलं. "तुम्ही गायलंच पाहिजे. पाटी मी काढून टाकते."

"पाटीचं काय, कुत्र्याला बी वाचता येत नाय ती." विळा तिनं पेंढ्यात खोचला. "येते मी. पन एक हाय, बाय. चहाच्या सुट्टीला मी आत येनार. सगळ्या बसतात तिथं बसनार. आनि तो कान तुटलेला कप मला नको."

मी हो म्हटलं. हो म्हणणं सोपं असतं; ओढा ओलांडेपर्यंत टिकतं. वाटेत माझ्या डोळ्यांपुढे एकेकीचा चेहरा यायला लागला. दोघी-तिघी उठून गेल्या तर? हात कमी पडले तर? मग माझ्या सुपीक डोक्यात युक्ती आली. संध्याकाळी सगळ्या घरी गेल्यावर मी कान तुटलेला कप ओढ्यात भिरकावला, घरचा एक साधा कप आणला आणि बाराही कप एका बादलीत विसळून एका ओळीत मांडले. कुठला कुणाचा, देवालाही कळायचं नाही. स्वतःवर इतकी खूष झाले, की घरी जाऊन भाकरीबरोबर एक मिरची जास्त खाल्ली.

सकाळी पारूबाई आली. झरोक्याखालून न जाता दारातून आत आली, कोनाड्याकडे गेली. "माझा कप कुठाय?"

मी हळूच म्हटलं, "टाकला. आता सगळे सारखे. कुणाला काही कळणार नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्या नजरेत, दमलेपण होतं. "म्हंजे मी पिनार, आनि त्यांना ठाऊक नसनार. चोरून पिऊ मी? चौकला हाटेलात बी मला चोरून मिळायचा. तू सांग त्यांना. आत्ता सांग. मंग मी भट्टी पेटवते."

आयुष्यात पुढे मी पुष्कळ सभांमधून बोलले. कलेक्टरसमोर बोलले, मोर्चात बोलले. पण त्या सकाळी, अकराजणींपुढे, काळपटलेल्या पांढऱ्या पातळात जे बोलले त्याइतकं अवघड काही नव्हतं. पोत्याला टेकून उभी राहिले. "पारूबाई आजपासून चहा आपल्याबरोबर घेणार. याच कपांतून. कप काल मी एकत्र विसळलेत, तेही सांगते. ज्यांना चालणार नसेल त्यांनी आत्ताच जावं. पोहे आपण उरतील तेवढ्याजणी करू. पण करू. नियम आहे. ह्या कंपनीचा हा एवढाच नियम."

कोपऱ्यातल्या दोघी उठल्या, पदर सावरला आणि गेल्या. त्यातली एक माझी मैत्रीण होती. ती नंतर भाऊबीज झाल्यावर आली. दुसरी कधीच आली नाही. अजून रस्त्यात भेटली तर ती चप्पल बघते, मी आभाळ.

मी काकीकडे पाहिलं. काकी गेली तर कढई गेली. ती झाऱ्याचा दांडा पुसत म्हणाली, "मी बसते. पन चहा नाय घेनार. उपास हाय."

"कसला?"

"आठवंल तवा सांगते."

बाहेर धूर उठला. आणि तूस सारल्याचा सर्र आवाज, आणि मग, झरोक्यातून, तो बसक्या घशाचा आवाज. काकीनं भात टाकलं. तडतड सुरू झाली. ओवी सरली, काकीनं काढलं. ताटातून पोहे पडले आणि मी एक उचलून उजेडात धरला. पलीकडे माझं बोट दिसलं, काळं, राखेनं माखलेलं.

ते आठ दिवस! आम्ही दहाजणी आणि बाराजणींचं काम. पहाट फुटायच्या आधी यायचं, दिवेलागणीला जायचं. हातांना वाळूचे चटके, केसांत कोंडा, जेवताना भाताला तुसाचा वास आणि अंघोळ केली तरी अंगाला भाजल्याचा वास. मी घड्याळ सोडलं आणि पोती शिवायला बसले. अध्यक्षाला जमण्याजोगं तेवढं एकच काम उरलं होतं. काकीचा उपास दोन दिवस चालला. तिसऱ्या दुपारी कढईपुढून घामाघूम होऊन आली, पारूबाईनं कप पुढे केला. काकीनं कपाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. घेतला. एक घोट घेऊन म्हणाली, "साखर कोन खातंय इथली?" आणि पारूबाई म्हणाली, "तुमचा उपास." मग दोघी इतक्या हसल्या, की चहा सांडला.

आज माणसं मला विचारतात, एवढ्या बायांना एकत्र कसं ठेवलंत? मी कुणाला ठेवलं नाही. जिला आगीचं कळत होतं तिच्या मागे मी उशिरा जाऊन उभी राहिले, इतकंच. तेही पोहे करपल्यावर. पोहे नसते करपले तर मी त्या बांधावर गेले असते का? हा प्रश्न मी स्वतःला दर आश्विनात विचारते आणि दर आश्विनात उत्तर देणं टाळते.

धनत्रयोदशीच्या सकाळी टेंपो भरला. वीस पोती. पोत्यांवर मी आणि पारूबाई बसलो. रसायनीला व्यवस्थापकांनी पोत्यात हात घातला, मूठभर पोहे तोंडात टाकले, जाड चष्म्यातून आमच्याकडे पाहत सावकाश चावले. "पुढच्या महिन्यात किती द्याल?"

माझ्या तोंडात आकडा तयार होता. शिकलेल्या माणसाच्या तोंडात आकडा तयारच असतो. तो मी गिळला आणि पारूबाईकडे बघितलं. तिनं मनात जाळ मांडला, लाकडं मोजली. "लाकूड सुकं मिळालं तर याच्या दुप्पट. ओलं मिळालं तर एवढंच. खोटं कशाला सांगा."

त्यांनी दुप्पट लिहून घेतलं आणि सुकं लाकूड कारखान्याच्या वखारीतून द्यायचं कबूल केलं. मला हे मागायचं सुचलंही नसतं.

पाडवा झाला, भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गुदामाकडे निघालो, तर दारात खताचा ट्रक उभा. सरपंचांना आमच्याकडून वीस पोती होतील यावर इतका भरवसा, की त्यांनी खत आधीच सांगून ठेवलेलं. ड्रायव्हर खाली उतरून कुलूप चाचपत होता. आम्ही सगळ्या थांबलो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी, मॅट्रिक नापास, घड्याळवाली, सरपंचांना नीट शब्दांत काय सांगावं याची जुळवाजुळव करायला लागले.

पारूबाई केव्हाच भिंतीच्या मागून आली होती. तिच्या हातात तुसाची पाटी, पाठीमागे धूर सरळ वर चढलेला. भट्टी तिनं आमच्या आधी पेटवली होती.

"ए भाऊ," ती म्हणाली, "गाडी मागं घे. इथं कंपनी हाय."

ड्रायव्हरनं धुराकडे पाहिलं, आम्हा दहाजणींकडे पाहिलं, आणि गाडी मागं घेतली.